बुलेट, क्रूझर आणि आपली कंबर

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मधुमेह, गुडघेदुखी आणि मूळव्याध यांचा नंबर कायम वरचा असतो. गेल्या काही महिन्यांत मात्र एक वेगळाच विषय डोके वर काढू लागला आहे. "डॉक्टर, बुलेट घ्यावी की घेऊ नये?" असे सरळ विचारणारी पत्रे येऊ लागली आहेत. हा प्रश्न गाडीच्या दुकानदाराला विचारावा, अस्थिरोगतज्ज्ञाला कशाला, असे कोणी म्हणेल. पण कंबर धरून दवाखान्यात आलेल्या पुरुषाला "वय किती?" च्या पाठोपाठ "गाडी कोणती?" हे मी हल्ली विचारतोच. तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

दोन पत्रे मी बाजूला काढून ठेवली आहेत. एक आहे हायस्कूलच्या एका शिक्षकांचे. वय ४८. तरुणपणापासूनची हौस. मुलीचे शिक्षण, घराचे हप्ते हे सगळे मार्गी लागल्यावर त्यांनी दोन वर्षांपूर्वी पाय पुढे सोडून बसायची एक क्रूझर घेतली. गाव ते शाळा जाऊन येऊन रोजचे ६० किलोमीटर. आता कंबर दुखते, डाव्या पायात कळ उतरते, आणि घरचे सगळे म्हणतात की गाडी विका. ते लिहितात, "गाडी विकली तर कंबर राहील, पण मन राहणार नाही." दुसरे पत्र एका आईचे आहे. मुलगा १९ वर्षांचा. बुलेटसाठी चार दिवस जेवला नाही. या बाईंच्या दिरांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून गेला. हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलेले होते. त्या विचारतात, "नाही म्हणू तर कसे, आणि हो म्हणू तर कसे?"

या दोघांना उत्तर देताना बाकीच्यांच्याही बऱ्याच शंका मिटतील असे वाटते.

हौसेची बाजू

आधी हौसेबद्दल, कारण डॉक्टर मंडळी ही बाजू झटकून टाकतात आणि मग रुग्ण त्यांचे काहीच ऐकत नाही. बुलेट हे मूळचे इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या कारखान्याचे बाळ. या कारखान्याची पहिली मोटारसायकल १९०१ ची. आपल्या सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी ही गाडी पसंत केली आणि १९५५ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, तिची जुळणी सुरू झाली. इंग्लंडमधला मूळ धंदा पुढे बसला. आपल्याकडची गाडी चालूच राहिली. सैन्य, पोलीस, पाटबंधारे खात्याचे साहेब, साखर कारखान्याचे संचालक अशी तिची स्वारी होत गेली. लहानपणी लांबून तो आवाज आला की फौजदार आले एवढे कळायचे, आणि पोरे ओट्यावरून आत पळायची. त्या आवाजाचा दरारा आजच्या विशीतल्या मुलाच्याही मनात कुठेतरी उतरला आहे.

तो आवाज येतो कुठून? जुन्या ३५० सीसी इंजिनात एकच मोठा दट्ट्या, ७० मिलिमीटर व्यासाचा, ९० मिलिमीटर वरखाली होणारा. लांब पल्ल्याचा दट्ट्या सावकाश फिरतो, म्हणून प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. लहान गाडीत हेच ठोके इतके भरभर पडतात की त्यांची एक सलग घरघर होते.

गाडी जड असण्याचेही काही फायदे आहेत. सरळ, मोकळ्या रस्त्यावर ती शांत चालते. बाजूने ट्रक गेला तरी वाऱ्याने हेलकावत नाही. बैठक बुटकी असल्याने साधारण उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीला पुरतात. क्रूझरवर शरीर ताठ किंवा किंचित मागे असते, त्यामुळे रेसच्या गाडीवर ओणवे बसल्याने मनगटावर आणि मानेच्या मागच्या बाजूला जो भार येतो तो इथे येत नाही. आणि मनाचे म्हणाल तर आठवडाभर खडू आणि फाइलींत घालवलेल्या माणसाला रविवारी सकाळी घाटापर्यंत एक फेरी मारून आल्यावर जे वाटते, ते माझ्या कोणत्याही गोळीत नाही.

बुलेटप्रेमी लगेच हरकत घेतील की बुलेट ही क्रूझर नव्हेच. बरोबर आहे. बुलेट आणि क्लासिक यांवर पाय साधारण गुडघ्याखाली येतात. खऱ्या क्रूझरमध्ये पायटे बरेच पुढे, हँडल उंच आणि मागे ओढलेले. २००१ साली बजाजने कावासाकीबरोबर आणलेली एलिमिनेटर आणि २००५ ची ॲव्हेंजर यांनी ही बैठक आपल्या लहान गावांपर्यंत पोचवली. पुढे एनफिल्डची थंडरबर्ड, २०२० ची मीटिअर, २०२३ ची सुपर मीटिअर ही त्याच घराण्यातली. वजन पाहा. आपली रोजची १०० सीसीची गाडी ११० किलोच्या आसपास. नवी बुलेट आणि क्लासिक १९५ किलो. सुपर मीटिअर २४१ किलो. म्हणजे साध्या गाडीवर दोन क्विंटलला थोडे कमी किंवा थोडे जास्त वजन ज्याला म्हणतात, ते इथे माणूस बसण्याआधीच झालेले असते.

बैठकीचे गणित

क्रूझर जन्माला आली अमेरिकेत. तिथे शेकडो मैल सरळ, गुळगुळीत रस्ता. वळण नाही, गतिरोधक नाही, समोरून उसाची ट्रॉली नाही. अशा रस्त्यावर पाय पुढे सोडून आरामखुर्चीत बसल्यासारखे जाणे शोभते. आपण ती बैठक उचलून आपल्या रस्त्यावर आणली आणि घोटाळा इथेच होतो.

एक प्रयोग घरीच करून पाहा. स्टुलावर बसा आणि पाय गुडघ्याच्या बरोबर खाली ठेवा. आता हात न टेकता उठा. सहज उठाल. पुन्हा बसा, पाय दोन फूट पुढे ठेवा, आणि उठायचा प्रयत्न करा. जमणार नाही. साध्या मोटारसायकलवर खड्डा दिसला की आपण नकळत पायट्यांवर भार देऊन बूड वितभर उचलतो. गुडघे आणि घोटे स्प्रिंगचे काम करतात आणि हादरा तिथेच जिरतो. क्रूझरवर पाय पुढे असल्याने बूड उचलताच येत नाही. मग तो हादरा माकडहाडातून सरळ पाठीच्या कण्यात चढतो.

कण्याच्या दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. बाहेरून चिवट कडे, आत मऊ गर. कंबरेत शेवटच्या दोन गाद्यांवर सगळ्यात जास्त भार येतो. गादी सरकते ती बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी. स्वीडनचे डॉ. नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला होता. पाठीचा कमान मोडून पुढे झुकून बसल्यावर हा दाब उभे राहण्यापेक्षा पुष्कळ वाढतो, असे त्यांना आढळले आणि नंतरच्या मोजणीतही तेच दिसले. क्रूझरवर पहिले दहा किलोमीटर माणूस ताठ बसतो. मग थकतो, कंबर मागे ढकलली जाते, हात हँडलकडे ताणले जातात आणि पाठीला कुबड येते. खुर्चीत असे झाले तर मागे टेकायला पाठ असते. इथे मागे काहीच नाही.

शिवाय कंपन. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण ४ ते ८ हेलकाव्यांना सगळ्यात जास्त डुलते. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो जसा वाढत जातो, तसे. खराब डांबरी रस्त्यावरून येणारे हेलकावे नेमके याच पट्ट्यात असतात. ट्रॅक्टर आणि ट्रक चालवणाऱ्यांत कंबरदुखी जास्त का, याचे एक कारण हेच. वेग वाढला की आणखी एक भर पडते. ताठ बसलेली छाती वाऱ्यापुढे शिडासारखी होते आणि माणूस हँडलला लोंबकळतो. खांदे आणि मान संध्याकाळी दुखतात ती त्यामुळे.

या शिक्षकांना मी दवाखान्यात बोलावले. पायातली ताकद चांगली होती, संवेदना शाबूत होती, म्हणून एमआरआय लगेच करायला सांगितला नाही. अशा दुखण्यातले बहुतेक रुग्ण सहा आठवड्यांत सुधारतात, तेव्हा आधीच फोटो काढून त्यातले शब्द वाचत घाबरण्यात अर्थ नसतो. पलंगावर पडून राहायचे नाही हे मात्र बजावले. दोन दिवसांहून जास्त विश्रांतीने पाठीचे स्नायू ढिले पडतात. तीन आठवडे एसटीने जा, रोज अर्धा तास चाला, आणि मी दाखवलेले पोटाचे व पाठीचे व्यायाम करा, एवढेच सांगितले. कंबरपट्टा त्यांनी आधीच विकत आणला होता. तो चार-सहा दिवसांपुरता ठीक. महिनोन्‌महिने बांधला तर पोटाचे स्नायू काम सोडून देतात.

मग गाडीकडे वळलो. मागच्या शॉकअब्सॉर्बरला ताण कमी-जास्त करायचे टप्पे असतात. एकटा माणूस बसणार की डबलसीट, यावर ते फिरवायचे. दोन वर्षांत त्यांनी ते एकदाही फिरवले नव्हते, आणि दुकानातून सगळ्यात कडक टप्प्यावर आलेले होते. टायरमधली हवाही "टणक बरी" म्हणून जास्त भरलेली. गॅरेजवाल्याने दहा मिनिटांत दोन्ही ठीक केले. पायटे चार बोटे मागे घेणारी पट्टी त्याच कंपनीची मिळत होती, तीही बसवली. आता त्यांचा नियम असा : शाळेला एसटी किंवा घरची जुनी हलकी गाडी, आणि क्रूझर शनिवार-रविवारी. दर ४० मिनिटांनी उतरून पाच मिनिटे चालायचे, कंबर मागे वाकवायची. कळ पायातून निघून गुडघ्याच्या वर आली, मग गेली. गाडी विकलेली नाही.

माकडहाडाच्या आणखी एका तक्रारीबद्दल लोक बोलायला लाजतात. दोन नितंबांच्या मधल्या खाचेत वरच्या टोकाला गाठ येते, पू होतो, फुटते, पुन्हा भरते. आत केस सापडतो. केसाळ अंगाचे, घाम येणारे, तासन्‌तास हादरत बसणारे तरुण याचे गिऱ्हाईक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात हा त्रास इतका होता की त्याला 'जीपचा आजार' असेच नाव पडले. गळू समजून पोटीस बांधत बसू नये, शल्यचिकित्सकाला दाखवावे.

हाताला मुंग्या

मोठ्या एकाच दट्ट्याचे इंजिन जितके कानाला गोड, तितके तळहाताला कडू. १९१८ साली अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी दगडाच्या खाणीतल्या कामगारांची बोटे तपासली. हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्नीच्या कंपनाने त्यांची बोटे थंडीत पांढरीफटक पडत. मोटारसायकलवाल्यांत इतका टोकाचा त्रास आपल्या उष्ण हवेत क्वचितच दिसतो. पण बोटांना मुंग्या, रात्री हात बधिर होऊन जाग येणे, सकाळी चहाचा कप हातातून निसटणे, हे दिसते. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी शीर दाबली गेल्याचे हे लक्षण. मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असेल तर लवकर होते. जड क्लच दिवसभर दाबणाऱ्याच्या डाव्या हाताला जास्त.

या कंपनाची ताकद किती, तर ॲपल कंपनीने २०२१ साली आपल्या ग्राहकांना सूचना दिली की जास्त शक्तीच्या मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावू नका, आतल्या कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते. फोन बदलता येतो. मनगटातली शीर बदलून मिळत नाही. गेल्या काही वर्षांत आलेल्या नव्या ३५० सीसी इंजिनांत कंपन मारणारा एक तोल-दांडा बसवलेला आहे आणि फरक मोठा आहे. जुनी गाडी घ्यायची असेल तर हे लक्षात ठेवा. हँडल आवळून धरू नका. अंड्याएवढी नाजूक पकड नको, पण लोटा धरावा इतकी पुरे.

जुन्या बुलेटचा विषय निघालाच आहे तर तिची किक. जाणकार आधी डिकॉम्प्रेसरचा खटका दाबतो, अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणतो आणि मगच किक मारतो. हे न करता, किंवा टाइमिंग बिघडलेले असताना किक मारली की ती उलटी बसते. पायाखालून दांडा झटक्याने वर येतो, आणि घोटा मुरगळण्यापासून टाचेच्या वरची जाड नस तुटण्यापर्यंत काहीही होते. मागून कोणी काठी मारल्यासारखे वाटले आणि चवड्यावर उभे राहता येत नसेल तर नस तुटली असे समजावे. मालिश करून घेऊ नये. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. नव्या गाड्यांत उलट आहे. तीस वर्षे जुनी गाडी चालवलेल्या साठीच्या माणसाने नवी घेतली तर आणीबाणीच्या क्षणी पाय जुन्या सवयीने चुकीच्या बाजूला जातो. पहिला महिना मोकळ्या रस्त्यावरच चालवावी.

पडणे, तेही उभ्या गाडीवरून

लोकांना वाटते जड गाडीचा अपघात म्हणजे हायवेवरचा. माझ्याकडे येणारे बरेच पाय मोडतात ते गाडी उभी असताना. पेट्रोल पंपाच्या उतारावर, मुरुमावर, घराच्या फाटकात मागे घेताना. एकदा १९५ किलो एका बाजूला एका मर्यादेपलीकडे कलले की कोणताही पहिलवान ते थांबवू शकत नाही. आणि आपण नेमके तेच करायला जातो, कारण गाडी नवी असते आणि रंग खरचटेल ही भीती असते. त्या धडपडीत घोटा खाली सापडतो, गुडघा पिरगळतो, कंबरेत चमक भरते. गाडी जात असेल तर जाऊ द्यावी. हँडल सोडून पाय बाजूला घ्यावा. टाकीचा पोचा काढून मिळतो, घोट्यात पट्टी-स्क्रू घालायचे म्हणजे काय हे मोडलेल्यांना विचारा.

पडलेली गाडी उचलण्याचीही पद्धत आहे. समोरून वाकून हँडल ओढू नये. ती कंबर मोडण्याची खात्रीची रीत आहे. इंजिन बंद करा. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी बाहेर काढून ठेवा. मग गाडीकडे पाठ करून बैठकीला बूड लावून उकिडवे बसा, एक हात हँडलला आणि दुसरा मागच्या पकडीला, पाठ सरळ ठेवून पायाच्या जोरावर हळूहळू मागे सरकत उठा. या रीतीने ५५ किलो वजनाच्या मुली जड गाडी उभी करताना मी पाहिल्या आहेत. जोर मांड्यांचा असतो.

हर्नियाची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले नसतील, हृदयाच्या बायपाससाठी छातीचे हाड कापले असेल आणि ते अजून पक्के सांधले नसेल, हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल, तर जड गाडी ढकलण्याच्या भानगडीत पडू नये. सर्जनने परवानगी दिली की मगच.

चटका आणि फटाका

सायलेन्सरचा चटका हा बायकापोरांचा वाटा. पोटरीच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा काळा डाग ही आपल्याकडे मोटारसायकलची ओळखखूणच झाली आहे. चटका बसल्यावर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ यांपैकी काही लावू नये. फोड फोडू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन झालेले आहे का ते पाहावे. मधुमेह्याच्या पायाला बधिरपणामुळे चटका कळतही नाही, म्हणून त्यांनी पूर्ण लांबीची जाड पँट घालावी.

आणि ते फटाके फोडणारे सायलेन्सर. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला कायद्याने ८० डेसिबलची मर्यादा आहे. कंपनीची गाडी त्यात बसते. नंतर गल्लीत बदलून बसवलेला पोकळ नळकांडा बसत नाही. अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यात माझीही एक टाळी धरा. ८५ डेसिबल आवाज आठ तास कान सहन करतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, आणि सर्वांत आधी चालवणाऱ्याच्याच जातात. रात्री निजल्यावर कानात रातकिडा ओरडू लागला तर तो बाहेर शोधू नये. अर्थात ताशी ८० च्या पुढे इंजिनापेक्षा वाऱ्याचाच आवाज मोठा होतो, म्हणून लांबच्या प्रवासात अख्खा चेहरा झाकणारे हेल्मेट कानालाही उपयोगी. डोळ्यांत धूळ जाऊन बुबुळावर वेल चढतो, तोही त्याच्या काचेने अडतो.

हेल्मेटबद्दल एवढे लिहिले गेले आहे की वाचक पान उलटतील, म्हणून फक्त आकडे. हेल्मेटने मोटारसायकलवाल्याचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची, आणि हेल्मेट न घातलेली ५०,०२९. क्रूझरवर शोभते म्हणून अर्ध्या टोपीसारखे जे हेल्मेट घालतात ते हनुवटी आणि कानशील उघडे ठेवते. हनुवटीखालचा पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचते. आरशाला अडकवलेल्याबद्दल काय लिहावे.

डबलसीट

मागे बसणाऱ्याचे कोणी विचारत नाही. क्रूझरची मागची गादी बहुधा पोळपाटाएवढी, आणि ती बरोबर मागच्या चाकावर. खड्ड्याचा हादरा पुढच्यापेक्षा मागच्याला जास्त. त्यात साडी नेसून एका बाजूला बसलेल्या बाईचा कणा कंबरेत पिळलेला असतो आणि पकडायला नवऱ्याचा खांदा. साध्या गाडीला असणारी साडीची जाळी आणि मागची पकड शोभा जाते म्हणून काढून टाकतात. ती असणे नियमाने बंधनकारक आहे आणि पदर चाकात गेलेल्या दोन स्त्रिया मी पाहिल्या आहेत. दोन्हीकडे पाय टाकून बसता येईल असा पोशाख प्रवासापुरता घालावा. सासूबाईंनी नाक मुरडले तर हे सदर दाखवा. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत एसटीची पुढची बाकडी किंवा रिक्षा बरी. लहान मुलाला टाकीवर बसवण्याची आपल्याकडे मोठी हौस. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

आता जे टाळायचेच नाही ते. कंबरदुखीबरोबर पाऊल लुळे पडून चप्पल निसटू लागली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, घोड्याच्या खोगिराला जो भाग टेकतो तेवढाच बधिर झाला, तर तो त्याच दिवशी, रात्री असली तरी, मोठ्या रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आहे. कण्याच्या तळाशी असलेल्या शिरांचा जुडगा दाबला गेलेला असतो. वेळ गेली की लघवीवरचा ताबा कायमचा जातो. पडल्यानंतर घोटा सुजला आणि चार पावलेही भार देऊन चालता येत नसेल तर एक्स-रे काढावा, हाडवैद्याकडे ओढून घेऊ नये.

आणि आईंना. तुमच्या मुलाचे वय परवान्याला पुरेसे आहे, चार दिवस न जेवण्याची ताकदही आहे. त्याला एकदम नाही म्हणू नका. त्याची हलकी गाडी दोन वर्षे आणि एक अख्खा पावसाळा बिनपडता, हेल्मेट डोक्यावर ठेवून चालवून झाली का, ते आधी विचारा. झाली असेल तर त्याच्याबरोबर दुकानात जा. गाडी चालू करायला लावू नका. तिथल्या उतारावर ती बंद ठेवून दहा पावले मागे घे, वळव आणि एकट्याने मधल्या स्टँडवर लाव, असे सांगा. दुकानदार कुरकुर करील, करू द्या. जमले नाही तर तो स्वतःच सहा महिने थांबतो म्हणेल, असा माझा अनुभव आहे. जमले तर गाडीची बोली करण्याआधी शेजारच्या दुकानातून आयएसआय शिक्क्याचे, पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट घ्या, त्याच्या आणि तुमच्या मापाचे एकेक. मागे तुम्हीही बसणार आहात.